धक्क्याला न लागता तीन दिवस : विजेच्या होडीच्या नोंदी

७ जानेवारी

होडी ताब्यात आली. फायबरची, साडेपाच मीटर लांब, दीड मीटर रुंद, पोटाला सडसडीत. जुनं पेट्रोल इंजिन उतरवून ठेवलं. त्या जागी दोन किलोवॅटची विजेची मोटार बसणार.

काय करायचंय ते आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाट काढता येणार नाही. तीन दिवस, दोन रात्री पाण्यावर राहायचं आणि धक्क्यावरच्या प्लगला हात लावायचा नाही. रात्री चार्ज करून सकाळी फेरी मारून परत येणं कोणालाही जमतं. मला पाण्यावर असतानाच बॅटरी भरायची आहे.

काकांनी आयुष्यभर होड्या चालवल्या, त्यामुळे त्यांच्या प्रश्नांना उत्तर देता आलं पाहिजे. आज त्यांनी विचारलं, "बॅटरीत मावतं किती?" मी म्हटलं, "पाच युनिट, वजन चाळीस किलो. पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते." काका हसले. "म्हणजे तू चाळीस किलोची अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघालास."

हिशोब त्यांचा बरोबर, पण अर्धाच. छोटं आउटबोर्ड इंजिन त्या नऊ युनिटांतली बहुतेक उष्णतेत घालवतं. मोटार मात्र बॅटरीतल्या विजेपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास शाफ्टवर देते. म्हणजे बाटली अर्ध्या नाही, अडीच-तीन लिटरची. तरी बाटलीच.

१९ जानेवारी

बॅटरी जोडली. लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल, प्रत्येकी १०० अँपिअर-तास, ३.२ व्होल्ट. सगळे सिरीजमध्ये, म्हणजे ५१.२ व्होल्ट. पूर्ण भरल्यावर जास्तीत जास्त ५८.४. मुद्दाम ६० च्या आत राहिलो, कारण ओल्या हातांनी काम करायचंय.

१२ व्होल्टवर भागेल असं एक-दोघांनी सुचवलं होतं. दोन किलोवॅटला १२ व्होल्टवर १६७ अँपिअर लागतात, ५१ व्होल्टवर ३९. केबलमधलं नुकसान करंटच्या वर्गात वाढतं, म्हणजे त्याच केबलमध्ये अठरापट उष्णता. विषय संपला.

दिवस गेला तो लग, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारी तांब्याची टोपी, क्रिम्प करण्यात, म्हणजे दाबून बसवण्यात. पहिला लग हातोडीच्या साध्या क्रिम्परने ठोकला, दिसायला झकास. शंका आली म्हणून हॅकसॉने मधोमध कापला. आत तारांमध्ये सरळ फटी दिसत होत्या, दोन-चार तारा तर नखाने ओढल्या तशा बाहेर आल्या. मग हायड्रॉलिक क्रिम्पर मागून आणला. त्याने दाबलेला लग कापल्यावर तांब्याचा एकसंध गोळा, तार कुठली आणि लग कुठला कळू नये असा. सहाच्या सहा लग नव्याने केले, वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरावर. त्या फ्यूजच्या आधीची केबल ही होडीतली सगळ्यात धोकादायक वस्तू, म्हणून ती सगळ्यात आखूड.

२ फेब्रुवारी

वेगाची मोजणी. पाणी स्थिर, वारा जवळजवळ नाही, होडीत दोघं. प्रत्येक वेगाला एकदा जाताना आणि एकदा येताना, जीपीएसवरून सरासरी. वॅट शंटवरून, म्हणजे बॅटरीच्या केबलवर बसवलेल्या करंट मोजणाऱ्या तुकड्यावरून.

ताशी ५ किमी : २५० वॅट
ताशी ६ किमी : ४३० वॅट
ताशी ७ किमी : ६९० वॅट
ताशी ८ किमी : ११५० वॅट
ताशी ९ किमी : १९०० वॅट

हे आकडे रात्री पुन्हा पुन्हा पाहत बसलो. पाण्यात लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते हे वाचून माहीत होतं. पण ६ वरून ९ वर जायला साडेचारपट वीज लागते हे स्वतःच्या मीटरवर पाहणं वेगळं. वरच्या टोकाला तर घनाचा नियमही अपुरा पडतो, कारण होडी स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला लागते. आमच्या लांबीला ती भिंत ताशी १० किमीच्या आसपास येते. ९ ला पाहिलं तर मागची बाजू खाली बसलेली आणि पुढचं टोक आभाळाकडे. काका म्हणाले, "हे काय वल्हवणं झालं? नांगर ओढत चाललोय."

बॅटरीतली साडेचार युनिट वापरायची धरली, तर ९ च्या वेगाने २१ किमी, ६ च्या वेगाने ६३ किमी. आणखी एक बॅटरी घ्यायचा विचार मनात होता, तो आज सोडला.

१५ फेब्रुवारी

छत. ४०० वॅटची दोन काचेची सौर पॅनेलं एकामागे एक, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर. लवचीक पॅनेलं हलकी असतात, पण खाली हवा खेळली नाही तर तापतात आणि लवकर खराब होतात. काच घेतली आणि ४२ किलो वजन डोक्यावर चढवलं.

त्या वजनाची किंमत कळावी म्हणून दोघं एकाच कडेला बसलो आणि फोन फळीवर ठेवून कल मोजला. छताशिवाय ९ अंश, छतासह १४. हे काही बरं नाही. खांब २५ सेंटीमीटरने कापले, बॅटरी फळीखाली मधोमध नेली. आता ११. उभं राहिलं की टाळू चौकटीला लागते, त्याला इलाज नाही.

२ मार्च

होडीबद्दल ज्याला सांगावं तो हेच विचारतो : "चालताना खाली एक छोटा पंखा लावला तर फिरता फिरता बॅटरी चार्ज होईल की!" उत्तर माहीत असूनही आज करून पाहिलं, कारण आकडा दाखवला की वाद मिटतो.

२५ सेंटीमीटर व्यासाचा जुना पंखा एका छोट्या जनरेटरला जोडून मागे पाण्यात सोडला. ताशी ६ किमी. पंख्यातून मिळाले २१ वॅट. आणि तोच वेग राखायला मोटारीचा वापर ४३० वरून ६०० च्या पुढे गेला. एकवीस कमवायला पावणेदोनशे खर्च. पंखा पाण्याला अडवतो, त्या अडवण्याला मोटार पैसे भरते, आणि मोटार, दोन्ही पंखे, जनरेटर सगळे आपापला वाटा काढून घेतात.

शिडाच्या होडीत हीच वस्तू खरंच उपयोगी आहे. तिथे ओढायचं काम वारा करतो आणि वारा बिल पाठवत नाही. पण तिथेही वेगाचा घन आडवा येतो. ताशी ९-१० किमीला असा पंखा शे-दीडशे वॅट देऊ शकतो, निम्म्या वेगाला त्याचा आठवा भाग. संथ होडीसाठी तो नाही.

दुसरी शक्यता वाहत्या पाण्यात नांगर टाकून रात्रभर पंखा फिरू द्यायची. प्रवाह सेकंदाला दीड मीटर असेल तर या पंख्यातून गणिताने पंधराएक वॅट निघतात. दहा तासांत ०.१५ युनिट, म्हणजे दोन किमी. आणि एवढ्या प्रवाहात नांगरावर विसंबून झोपायचं! पवनचक्कीचंही तसंच. मीटरभर व्यासाची चक्की मंद वाऱ्यात वीस-पंचवीस वॅट देते आणि रात्रभर डोक्यावर घरघरते. दोन्ही यादीतून काढल्या.

१८ मार्च

पॅनेलं पहिल्यांदा जोडली. दोन्ही सिरीजमध्ये, एमपीपीटी कंट्रोलरमधून (पॅनेलातून जास्तीत जास्त वीज काढून देणारा डबा) बॅटरीला. सकाळी ९ ला ३४० वॅट. चेहरा फुलला. दुपारी १ ला, सूर्य डोक्यावर, एक ढग नाही : १५० वॅट.

सगळं तपासलं. जोड घट्ट, केबल थंड, फ्यूज शाबूत. बॅटरी ७० टक्के, म्हणजे ती नको म्हणत होती असंही नाही.

१९ मार्च

आजही तेच. सकाळी चढतं, साडेअकराला कळस, मग ऊन वाढेल तशी वीज कमी. चार वाजता पुन्हा थोडी वर येते! ऊन आणि वीज यांचं भांडण असल्यासारखं.

२३ मार्च

सापडलं, तेही अर्धं काकांच्या दोरामुळे.

दुपारी चालत होतो आणि मीटर एकदम शून्यावर. खालीही नाही, चक्क शून्य. वर पाहिलं तर काकांनी नांगराचा ओला दोर वेटोळं करून पुढच्या पॅनेलच्या कोपऱ्यावर वाळत टाकलेला. पॅनेलचा दहावा हिस्साही झाकला नव्हता. दोर उचलला, १४० वॅट. ठेवला, शून्य. पाच वेळा उचलून ठेवला. काका म्हणाले, "खेळ पुरे, सुकाणू धर."

कागदावर मांडल्यावर लख्ख झालं. प्रत्येक पॅनेल काम करताना ३१ व्होल्ट देतं, दोन मिळून ६२. हा आकडा पॅनेल २५ अंशावर असतानाचा. उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.३ टक्के उतरतं. ४० अंशांना १२ टक्के, म्हणजे ६२ चे ५४ ते ५५ उरले. बॅटरी चार्ज होताना असते ५४ च्या वर. माझा कंट्रोलर फक्त व्होल्टेज उतरवून देणारा, चढवून देणारा नाही. पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीच्या वर राहिलं तरच वीज वाहणार. दुपारी ती उंचीच उरत नव्हती. सावली पडली की पॅनेलच्या तीन भागांपैकी तो भाग बायपास डायोड वगळतो, आणखी दहा व्होल्ट गेले, म्हणजे शून्य.

पॅनेलच्या मागच्या लेबलवर हे सगळं छापलेलं आहे. मी फक्त वॅट वाचले होते.

६ एप्रिल

तिसरं पॅनेल सिरीजमध्ये टाकलं असतं तर प्रश्न सुटला असता, पण छतावर जागा नाही. त्याऐवजी व्होल्टेज चढवणारे दोन बूस्ट एमपीपीटी आणले, प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र. आता एकावर सावली आली तर दुसऱ्याला सोयरसुतक नाही.

दुपारी १ ला ५६० वॅट. चार वाजता ३१०. दिवसभरात ३.४ युनिट. ८०० वॅटच्या छताकडून आडव्या स्थितीत, तापलेल्या काचेत, याहून फार जास्त मिळणार नाही.

आता खरी गंमत. साडेदहा ते तीन या वेळात ताशी ६ किमीने चाललो. मोटार ४३० घेते, छत ४५० ते ५६० देतं. बॅटरीचा आकडा सकाळी ८१ टक्के, तीन वाजता ८३. सत्तावीस किमी पाणी कापलं आणि बॅटरीत होती त्यापेक्षा जास्त वीज. याच वेळात ताशी ८ किमीने गेलो असतो तर ३६ किमी झाले असते आणि बॅटरीतले जवळजवळ तीन युनिट गेले असते. नऊ किमीसाठी तीन युनिट!

थ्रॉटलच्या बाजूला मीटर बसवलाय, त्यावर फक्त एकच आकडा ठेवला : बॅटरीत शिरणारे किंवा बाहेर जाणारे वॅट. वेग दाखवणारा काढून टाकला. काका आता तो आकडा शून्यावर राखत होडी चालवतात. ढग आला की हात आपोआप मागे येतो.

१४ एप्रिल

तलावाच्या मधोमध मोटार बंद. बॅटरी ९९ टक्के, लख्ख ऊन, थ्रॉटल एकदम सोडला आणि मोटारीच्या कंट्रोलरने 'ओव्हर व्होल्टेज' दाखवून हात वर केले. वल्ही होती म्हणून अब्रू राहिली.

झालं असं. चार्जिंग ५८.४ व्होल्टपर्यंत लावलं होतं. बॅटरी पूर्ण भरत आली, सोळातला एक सेल इतरांच्या आधी ३.६५ व्होल्ट ओलांडून गेला आणि बीएमएसने, म्हणजे बॅटरीतल्या सेलवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटने, चार्जिंगचा रस्ता तोडला, जे त्याचं कामच आहे. पण पॅनेलचे कंट्रोलर आणि मोटार एकाच बसबारवर, म्हणजे जोडणीच्या एकाच धातूच्या पट्टीवर. बॅटरीने दार लावल्यावर पाचशे वॅटना जायला जागा नाही, थ्रॉटलही बंद, व्होल्टेज उसळलं. चालताना चार्ज करणाऱ्याला ही अडचण येते, धक्क्यावर चार्ज करणाऱ्याला सहसा येत नाही.

इलाज साधा. चार्जिंगची मर्यादा ५५.२ वर आणली, सेलमागे ३.४५. या जातीच्या बॅटरीत वरच्या त्या तीन व्होल्टमध्ये साठा फारसा नसतोच. मग तो एक आगाऊ सेल बाकीच्यांच्या बरोबरीला आणायला रात्रभर बॅलन्सिंग.

२१ एप्रिल

पावसाची चिन्हं, बाहेर जाणं नाही. आपल्या आधी कोणी काय केलं ते वाचलं.

याकोबी या संशोधकाने १८३८ मध्ये रशियातल्या नेवा नदीवर डझनभर माणसं घेऊन विजेची बोट चालवली होती. तेव्हाच्या बॅटरीत जस्त खर्ची पडायचं, म्हणजे चार्जिंगचा प्रश्नच नव्हता, इंधनच धातूचं. थेम्सवर १८८० च्या दशकाअखेरीपासून विजेच्या लाँच भाड्याने मिळत आणि त्यांच्यासाठी नदीत तरंगती चार्जिंग केंद्रं असत. ही कल्पना मला आपल्या काळातली वाटली होती. ट्यूरॅनॉर प्लॅनेटसोलर हे ३१ मीटरचं जहाज २०१० मध्ये मोनॅकोहून निघालं आणि २०१२ मध्ये फक्त सूर्यावर पृथ्वीप्रदक्षिणा करून तिथेच परतलं. छतावर ५३७ चौरस मीटर पॅनेलं, साडेआठ टन बॅटरी, आणि वेग मात्र आमच्याच पंगतीतला, थोडा वरचा.

नॉर्वेच्या अँपिअर या २०१५ च्या फेरीबोटीने उलटा रस्ता धरला. दर फेरीनंतर दहा मिनिटं चार्जिंग. गावाची वीजवाहिनी एवढा झटका सोसणार नाही म्हणून दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या, त्या सावकाश भरतात आणि बोटीत झटकन ओततात. ठरलेला मार्ग, ठरलेली वेळ असेल तर हेच शहाणपण. केरळातल्या वैकोमची आदित्य ही फेरीबोट मधली वाट चालते, २०१७ पासून, ७५ प्रवासी, छतावर २० किलोवॅट. पुष्कळशी वीज उन्हातून, उरलेली धक्क्यावरून.

२८ एप्रिल

धक्क्यावरचा प्लग निघण्याआधी एकदा वापरला, बॅटरी भरायला. तिथली वायरिंग तपासली तर अर्थिंग नुसतं नावाला. गोड्या पाण्यात हे फार वाईट. गोडं पाणी विजेला माणसाच्या शरीराएवढी वाट देत नाही, म्हणून गळती झाली की करंट पोहणाऱ्यातून जायला बघतो आणि स्नायू आखडून माणूस बुडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, स्वतःचा बरोबर ठेवला, चार्जर होडीत न नेता धक्क्यावर कोरडा ठेवला, पाण्यापर्यंत फक्त ५५ व्होल्ट डीसी आणला. कोणीही पाण्यात असताना प्लग नाही, हे काकांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "एकदा सांगितलंस की कळतं मला."

छोटा पेट्रोल जनरेटर न्यायचा का यावर दोन दिवस घोळ घातला. तासाला एक युनिट ओतला असता, पण वीस किलो वजन, वास आणि आवाज. त्याऐवजी वल्ह्यांची जादा जोडी.

९ मे

निघालो. बॅटरी ९८ टक्के. ऊन स्वच्छ, ३८ किमी, वेग सहाच्या आसपास. खर्च दिव्यांसह २.८ युनिट, मिळाले २.७५. मिळायला जास्त हवे होते. सकाळी बॅटरी भरलेली असल्याने दोन तास छत नुसतं तापत बसलं, त्याची वीज घ्यायला कोणी नव्हतं. पुढच्या वेळी सत्तर टक्क्यांवर निघायचं. भरलेली टाकी घेऊन निघायची सवय पेट्रोलची, ती अजून गेली नाही.

१० मे

ढग, दिवसभर. छतातून फक्त ०.९ युनिट. दुपारनंतर समोरून वारा आणि ते छत म्हणजे शीडच की, उलट्या दिशेचं. ताशी ५ राखायला ४०० वॅट लागत होते. काठाच्या झाडीच्या आडोशाने गेलो, तिथे वापर शंभरेक वॅटने उतरला. रस्ता लांबचा, वीज कमी. ३० किमी, खर्च २.५. रात्री बॅटरी ६५ टक्के. नांगर टाकल्यावर झोप लागेना, आकडा बघत होतो. काका गाढ.

११ मे

अर्धं ऊन, वारा पाठीशी. ३६ किमी, खर्च अडीच, मिळाले दोन. धक्क्याला लागलो तेव्हा ५५ टक्के. तीन दिवसांत १०४ किमी, एकूण खर्च ७.८ युनिट, त्यातले ५.६५ वाटेत मिळाले.

काकांनी सवयीने धक्क्यावरची केबल उचलली. "लावू का?"

"नको काका. उभ्या उभ्या भरेल."

१४ मे

जाऊन पाहिलं. ९४ टक्के. मागचं पॅनेल २५५ वॅट देतंय, पुढचं २१०. वर चढलो तर पुढच्या काचेवर बगळ्याची शिट, बरोबर त्याच कोपऱ्यात जिथे काकांचा दोर होता. ओल्या फडक्याने पुसलं, २५० झाले. चौकटीवर बसायला जागा उरू नये म्हणून कडेने बारीक तार ताणायची आहे, तिची सावली पडणार नाही अशा बेताने.